औषधापुरते

एखादी वस्तू घरात मुळीच उरलेली नाही हे सांगावयाचे असले म्हणजे मराठी माणूस ती ‘औषधालासुद्धा नाही’ असे म्हणतो. तेल औषधाला नाही, गूळ औषधाला नाही, फार काय, अमक्या गावात सरळ माणूस औषधालाही सापडावयाचा नाही, येथपर्यंत या प्रयोगाची मजल गेलेली आहे. रोजच्या बोलण्यात मुरून गेलेला हा शब्दप्रयोग क्षणभर थांबून न्याहाळला, तर त्याच्या पोटात एका जुन्या गृहव्यवस्थेचा नियम दडलेला आढळतो. डबा खरवडण्याची पाळी आली तरी त्यातील शेवटची चिमूट खावयाची नसते. ती आजाऱ्यासाठी, तान्ह्यासाठी, जखमेसाठी बाजूला ठेवावयाची असते. आणि तीही सरली तरच ते घर खऱ्या अर्थाने रिकामे झाले असे समजावयाचे, असा तो नियम होय. शेर, पायली, तोळा, मासा या मापांच्या पंक्तीस ‘औषधापुरते’ हेही आमच्या घरांतील एक माप होते, आणि ते सांभाळण्यास श्रीमंती लागत नव्हती.

आज ज्या वस्तूला आपण प्रथमोपचाराची पेटी म्हणतो, तिचे नाव नवे आणि भाषांतरित असले तरी तिचा वंश या मापापाशी जाऊन पोहोचतो, असे मला वाटते. राजवाड्यांचे, गडांचे आणि लढायांचे इतिहास आपण आदराने लिहिले. घराच्या कोनाड्यातील त्या लहानशा संग्रहाचा इतिहास मात्र म्हणी, कहाण्या, दफ्तरे आणि कायदे यांत विखुरलेला राहिला. तो एकत्र करून पाहिला म्हणजे थोडक्या पैशांत, परंतु मोठ्या विचाराने, संकटाची बेगमी करणाऱ्या माणसांची एक दीर्घ परंपरा डोळ्यांसमोर उभी राहते.

या परंपरेची पहिली कथा आपण सर्वांनी लहानपणीच ऐकलेली आहे. श्रीकृष्णाचे बोट कापले, रक्त थांबेना, तेव्हा बांधावयास एखादी चिंधी मिळावी म्हणून सख्ख्या बहिणीकडे, सुभद्रेकडे, निरोप गेला. पण जिच्या घरी उंची वस्त्रांच्या राशी पडल्या होत्या तिला फाडण्याजोगे काही सापडेना, आणि द्रौपदीने मात्र अंगावरचे मोलाचे वस्त्र तत्काळ फाडून बोट बांधले. ही कथा सांगणाऱ्या आयाबायांनी तिच्यातून भावाबहिणीच्या निरपेक्ष प्रेमाचे तात्पर्य काढले, आणि ते योग्यच आहे. परंतु संसार करणाऱ्या बाईच्या तोंडून ती ऐकताना तिच्यात एक गृहकृत्याचा धडाही ऐकू येतो. समृद्धी ही एक गोष्ट आहे आणि तरतूद ही दुसरी; भरलेल्या घरात जुनेराची एक स्वच्छ पट्टी वेळेला हाती लागली नाही तर त्या भरलेपणाचा जखमेला उपयोग नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपण म्हणतो. रक्त वाहू लागल्यावर चिंधी शोधू नये, हे त्याच जातीचे शहाणपण होय.

घराला जे लागू, तेच राज्यालाही लागू होते. कोल्हापूर राज्यात, १८व्या शतकाच्या आरंभी, रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेले ‘आज्ञापत्र’ गडकोटांच्या व्यवस्थेविषयी बोलू लागते, तेव्हा तोफा, दारूगोळा, पाण्याची टाकी आणि धान्याचा संचय यांच्याबरोबरच गडावर कोणती माणसे असावीत याचाही विचार करते. त्या माणसांत रसायने देणारा वैद्य आहे, झाडपाल्याचा वैद्य आहे, शस्त्रवैद्य आहे, आणि विशेष म्हणजे केवळ जखमा बांधणारा असा एक स्वतंत्र कसबीही आहे. लोहार, सुतार, पाथरवट आणि चांभार यांच्या ओळीत त्याचे नाव येते. गड पाहून, त्याच्या मानाने, एकेक दोनदोन असामी ठेवाव्यात. त्यांची हत्यारे त्यांच्याजवळ सदैव सिद्ध असावीत. लहानसहान गडावर त्यांच्या हुन्नराचे काम नित्य पडत नाही, म्हणून एरवी त्यांच्याकडून दुसरी चाकरी घ्यावी, रिकामे ठेवू नये, असा त्या सूचनांचा आशय आहे. तरतूद स्थानाच्या मानाने असावी, साधन हाताशी असावे, ते वापरणारा माणूस नेमलेला असावा, आणि खर्च उगाच वाढू नये: औषधाच्या पेटीविषयी पुढील दोनशे-अडीचशे वर्षांत जे काही शहाणपणाचे बोलले गेले, त्याचे सार या व्यवस्थेत आले आहे.

गडावर कोठाराची जबाबदारी जशी कारखानिसाकडे, तशी घरातील या संग्रहाची जबाबदारी आजीकडे असे. आजीबाईचा बटवा हा शब्द आता कोणत्याही घरगुती उपायाच्या सदराला शीर्षक म्हणून वापरला जातो. परंतु बटवा ही मुळात एक खरीखुरी वस्तू होती. चार कप्प्यांची, दोन बाजूंनी बंद ओढून आवळावयाची ती कापडी पिशवी कमरेला खोचलेली असे, आणि तिच्यात पान, सुपारी, चुना, काथ, लवंग, वेलदोडा, जायफळ आणि ओवा असा सरंजाम असे. विड्याचा हा सरंजाम आणि औषधांचा संग्रह यांच्यामध्ये भिंत नव्हती. दाढ दुखली की लवंग, पोट फुगले की ओवा, झोप येईना की दुधात उगाळलेले जायफळ. चैनीची म्हणून बाळगलेली वस्तूच वेळेला औषध होत असे, आणि म्हणूनच तिच्यासाठी वेगळा पैसा काढावा लागत नसे.

बटव्यात न मावणारा उरलेला संग्रह फडताळातील डब्यांत आणि पुरचुंड्यांत असे. हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, काकडशिंगी, अतिविष, नागरमोथा, वावडिंग, ज्येष्ठमध, मायफळ, सागरगोटा ही काष्ठौषधी. मुक्या मारावर आंबेहळद, सुजेवर रक्तचंदनाचा लेप, कापल्यावर हळद, वस्तऱ्याच्या ओरखड्यावर तुरटी, भेगाळलेल्या टाचांना कोकमाचे तेल. आणि कोठा साफ करावयाचा तर एरंडेल. शेतात विळा लागला तर बांधावरचा दगडीपाला चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळीत. हे रोपटे मूळचे अमेरिका खंडातले; कोणत्या तरी जहाजाबरोबर ते या भूमीत आले, आणि आमच्या शेतकऱ्याने त्याचे कूळगोत्र न विचारता त्याला आपल्या औषधांत सामील करून घेतले. परंपरा म्हणजे बंद पेटी नव्हे, हे सांगण्यास एवढा एक पाला पुरेसा आहे.

या संग्रहाची साक्ष परक्या माणसानेही दिलेली आहे. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात स्थायिक झाला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याचा वैद्य म्हणून वावर होता, आणि १५६३ साली गोव्यातच छापून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हळद, आले, कापूर, हिंग, काथ, लवंग, जायफळ या द्रव्यांची चर्चा त्याने आस्थेने केली. युरोपातील पंडितांनी जी द्रव्ये केवळ जुन्या ग्रंथांतून ऐकली होती, ती येथील बाजारात ढिगांनी मांडलेली त्याला दिसली. याच पोर्तुगीजांकडून ‘इस्पितळ’ हा शब्द आमच्या भाषेत आला. पुढे फारशी ‘दवाखाना’ त्याच्या शेजारी बसला. पण बटव्याला मात्र कोणतीच परभाषा बाजूला सारू शकली नाही.

विड्याच्या साहित्याचा आणि शस्त्रक्रियेचा संबंध किती निकटचा होता, याचा एक लेखी पुरावा पुण्याच्या इतिहासात आहे. १७९२ च्या टिपू सुलतानावरील मोहिमेत इंग्रजी फौजेच्या बैलांवर काम करणारा कावसजी नावाचा एक मराठी गडी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्यास कुंभारकाम करणाऱ्या जातीतील एका कसब्याने कपाळावरची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबईच्या दोन इंग्रज वैद्यकांनी अशी क्रिया प्रत्यक्ष पाहिली, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात तिचा सचित्र वृत्तांत छापला गेला. युरोपातील शस्त्रवैद्यांना त्या वृत्तांताने नवी दिशा दाखवली, हे सर्वश्रुत आहे. मला त्यातील एक बारीक तपशील अधिक मोलाचा वाटतो. सांध्यावर बांधण्यासाठी त्या कसब्याने काथ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला, अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक बसवल्या, चार दिवस त्याखेरीज काही लावले नाही, आणि त्या काढल्यावर तुपात भिजवलेली फडकी ठेवली. काथ, तूप आणि कापड! जगाला थक्क करणाऱ्या त्या क्रियेची मलमपट्टी पुण्यातील कोणत्याही घरातील पानदान, देव्हारा आणि जुनेराची वळकटी यांतून उभी करता आली असती. दुर्मिळ होता तो त्या कुंभाराचा हात.

हातातील हे ज्ञान घराघरांतून कसे वाहत आले, ते बाळघुटीच्या उदाहरणावरून समजते. सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळून निवलेल्या पाण्यात एकेक मुळी उगाळावयाची. महिन्याच्या मुलाला तिचा एकच वेढा, पुढे वयाच्या मानाने दोन, तीन. पोट बिघडले तर मुरुडशेंगेचा वेढा अधिक, खोकला असला तर ज्येष्ठमधाचा. मुळीला सहाणेवर दिलेला तो वर्तुळाकार फेरा हेच मात्रेचे परिमाण होते, आणि ते वाचता न येणाऱ्या बाईलाही अचूक मोजता येत असे. एक हिरडा आणि एक मायफळ घरातील तीन-चार मुलांची बाळपणे पार पाडीत असत. झिजून नखाएवढी झालेली मुळी धाकट्या जावेच्या हाती सोपवली जाई, आणि तिच्याबरोबर ती कधी द्यावी व कधी देऊ नये ही समजही सोपवली जाई. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ किंवा ‘पी हळद आणि हो गोरी’ या म्हणी ज्या भाषेत रूढ झाल्या, त्या भाषेतील माणसांच्या हाताशी सुंठ आणि हळद सतत होती, हे वेगळे सिद्ध करावयास नको.

हळदीची कथा तर परदेशातील पेटंट कचेरीच्या दप्तरापर्यंत जाऊन पोहोचली. सांगली ही हळदीची मोठी पेठ; तिच्या शेजारच्या हरिपुरात जमिनीखाली खोदलेल्या पेवांतून हळद साठविण्याची जुनी पद्धती प्रसिद्ध आहे. ज्या पदार्थाची येथे अशी कोठारे भरत, त्याच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला पेटंट दिले गेले. तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्याला हरकत घेतली. जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील उल्लेख पुराव्यादाखल पुढे मांडले. आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आईने खरचटलेल्या गुडघ्यावर दाबलेली हळदीची चिमूट ही लिहून ठेवण्याजोगी गोष्ट आहे असे आम्हांला सहसा वाटत नाही. पण ज्यांनी ती पूर्वी लिहून ठेवली होती, त्यांच्या त्या अक्षरांनी या वादात साक्ष दिली.

परंतु बटव्याविषयीचे ममत्व सत्याच्या आड येता कामा नये. त्याच परंपरेत तान्ह्या मुलाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देणारे हात होते. नाळेवर राख किंवा शेण लावून धनुर्वाताला निमंत्रण देणाऱ्या सुइणी होत्या. बिब्ब्याने कातडी भाजलेली माणसे होती. शहरांतील दारिद्र्याने त्यात आणखी एका विषाची भर घातली. मुंबईच्या गिरण्यांत दिवसभर खपणाऱ्या स्त्रिया, मागे मूल सांभाळणारे कोणी नाही म्हणून, त्याला अफूची ‘बाळगोळी’ देऊन निजवीत, आणि १९२० नंतरच्या दशकातील सरकारी पाहण्यांतून हा प्रकार किती सर्रास होता ते उघडकीस आले. ती गोळी स्वस्त होती, सहज मिळत होती आणि तत्काळ गुण दाखवीत होती. म्हणूनच ती भयंकर होती. स्वस्ताई हा औषधाचा सद्गुण खराच, पण तो एकटा पुरेसा नसतो. या मातांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या व्यवस्थेने त्यांच्या घरातून आजी काढून घेतली आणि बटवा तेवढा ठेवला, त्या व्यवस्थेकडे मात्र बोट दाखवले पाहिजे.

पाश्चात्त्य वैद्यक सामान्य रयतेच्या घरात शिरले, तेही प्रथम एका पैशाच्या पुडीतून. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, पुण्यास ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले. पण खेड्यातील हिवतापाने कुडकुडणाऱ्या माणसाला त्या इमारतींचा उपयोग बेताचाच होता. निलगिरीच्या आणि दार्जिलिंगच्या डोंगरांवर सिंकोनाची लागवड होऊन सरकारी कोयनेल (क्विनीन) तयार होऊ लागले, आणि १८९२ मध्ये बंगाल प्रांताने त्याच्या एकेका पैशाच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून विकण्याची तजवीज केली. पुढे तोच शिरस्ता इतर प्रांतांतही पसरला. ज्या खिडकीतून कार्ड आणि तिकीट मिळे, त्याच खिडकीतून मोजलेली, शुद्ध आणि एकाच किमतीची मात्रा मिळावी, ही कल्पना साधी पण दूरदर्शी होती. वैद्य नसलेल्या गावातही पोस्टमन पोहोचतो, हे ज्याने ओळखले त्याने गरिबाच्या औषधसंग्रहाचे मर्म ओळखले, असे म्हटले पाहिजे.

याच काळात जखम बांधण्याच्या शास्त्रात एक मूलगामी क्रांती होत होती. जखमेत पू धरतो तो बाहेरून शिरणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे, हे ध्यानी घेऊन जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचा उपयोग सुरू केला आणि १८६७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या दिवसापासून चिंधी आणि पट्टी यांत भेद पडला. पूर्वी कापड मऊ असले म्हणजे पुरे होते. आता ते निर्जंतुक असावे लागले. जर्मनीचे शस्त्रवैद्य फ्रीडरिख फॉन एस्मार्ख यांनी सैनिकांसाठी त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला, आणि ती कशी बांधावी याची चित्रे त्या कापडावरच छापविली. डोके, खांदा, कोपर, गुडघा, तुटलेल्या हाताची झोळी, सर्व काही एकाच तुकड्याने साधणारी ही पट्टी मला आमच्या पंचाची सख्खी बहीण वाटते. १८७७ साली इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स संस्था स्थापन झाली. डॉक्टर येईपर्यंत सामान्य माणसाने काय करावे, हे खाणकामगारांना, पोलिसांना, रेल्वेच्या नोकरांना शिकविण्याचा तिचा उद्देश होता. आणि १९१० मध्ये तिची भारतीय शाखा अस्तित्वात आली. डॉक्टर येण्यापूर्वी जे पहिले साहाय्य करावयाचे, त्यालाच आमच्या भाषेने पुढे ‘प्रथमोपचार’ असे नाव घडविले. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, पुण्यास रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचे काम उभे केले, आणि मध्यमवर्गातील, त्यातही विधवा स्त्रियांनी परिचर्येचे शिक्षण घेऊन रुग्णालयात काम करावे ही त्या काळी अशक्य वाटणारी गोष्ट शक्य करून दाखविली. घरातील आजीच्या हाताला शास्त्राची जोड मिळण्याचा तो आरंभ होता.

आता घराघरांतील फडताळात नवे पाहुणे दिसू लागले. १८११ मध्ये समुद्रशेवाळाच्या राखेतून फ्रान्समध्ये हाती लागलेले आयोडीन मद्यार्कात विरघळवून केलेले टिंक्चर, ज्याच्या झोंबण्याच्या भीतीनेच मुले जखम लपवीत. पाण्याला जांभळा रंग देणारे परमँगनेटचे खडे. डोळ्यांसाठी बोरिक पावडर. गुडघे लाल करणारे मर्क्युरोक्रोम. आणि कापसाची निळ्या कागदातील गुंडाळी. परदेशी बाटली महाग पडते म्हणून येथेच अर्क आणि टिंक्चरे काढण्याचा उद्योग सुरू झाला; रसायनशास्त्राचे प्रा. गज्जर यांच्या प्रेरणेने त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली बडोद्यास उभारलेला एलेंबिकचा कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण होय. दुसरीकडे पनवेलच्या कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये स्थापन केलेला धूतपापेश्वर कारखाना काढे, भस्मे आणि आसवे बाटलीबंद करून घरोघर पोहोचवीत होता, आणि १८९३ मध्ये काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्रातून आलेल्या गृहस्थाने मुंबईत तयार केलेले अमृतांजन डोकेदुखीचा पर्यायशब्द होऊन बसले होते. एकाच फळीवर सहाण, टिंक्चरची बाटली आणि अमृतांजनाची डबी शेजारी शेजारी नांदत होत्या. पंडित मंडळी वैद्यकपद्धतींच्या श्रेष्ठकनिष्ठतेवर वाद घालीत असता गृहिणीने तो वाद आपल्यापुरता मिटवला होता: ज्याचा ज्या कामी गुण, ते त्या कामी घ्यावे.

स्वातंत्र्यानंतर ही घरगुती तरतूद कायद्याच्या कलमांत उतरली. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची निदान एक पेटी असलीच पाहिजे असे बंधन घातले. त्या कलमातील बारकावे मला फार अर्थपूर्ण वाटतात. पेटीत ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरे काहीही ठेवावयाचे नव्हते. प्रत्येक पेटी एका जबाबदार, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मिळविलेल्या माणसाच्या ताब्यात असावी लागे. आणि कामाच्या वेळेत तो माणूस सदैव हजर मिळावा लागे. स्थळाच्या मानाने संख्या, सिद्ध साधन, नेमलेला माणूस! रामचंद्रपंतांच्या गडावरचा जखमा बांधणारा, सव्वादोनशे वर्षांनी, गिरणीच्या खात्यात येऊन उभा राहिला.

या इतिहासाचे शेवटचे आणि सर्वांत हृद्य प्रकरण अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील जामखेडचे आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने त्या अवर्षणग्रस्त भागात काम सुरू केले, आणि गावातील आरोग्याची किल्ली गावातल्याच बाईच्या हाती द्यावी असा निर्धार केला. ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते, अशा कितीतरी स्त्रिया तेथे आरोग्यसेविका झाल्या. जखम कशी धुवावी, नाळ कशी स्वच्छ कापावी, जुलाब झालेल्या मुलाला काय पाजावे, हे त्या शिकल्या आणि त्यांनी ते घरोघर शिकविले. त्याच सुमारास, १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा, ग्लुकोज आणि पाणी यांच्या मिश्रणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवून दाखविले होते. त्याचेच घरगुती रूप म्हणजे एक लिटर उकळून निवलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ: विसाव्या शतकाने गरिबाला दिलेले कदाचित सर्वांत मोठे औषध त्याच्या स्वयंपाकघरातच होते. ‘साखर औषधाला तरी ठेवा’ म्हणणारी आजी काही वेगळे सांगत नव्हती.

या सर्व परंपरेचा वारसा घेऊन आज एखाद्या बेताच्या मिळकतीच्या घराने आपली पेटी सिद्ध करावयाची ठरवली, तर तिला फार खर्च येण्याचे कारण नाही. घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा, निर्जंतुक जाळीच्या पट्ट्या, गुंडाळपट्टी, चिकटपट्टी आणि कापूस, जुन्या सुती धोतराचा धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवलेला त्रिकोणी तुकडा, जो जखमेवर नव्हे तर झोळीसाठी वापरावयाचा, कात्री, चिमटा, सेफ्टी पिना, तापमापक, साबणाची वडी, जखमेभोवती लावण्याचे जंतुनाशक, मीठ-साखरेच्या पुड्या, आणि डॉक्टरांना विचारून घेतलेली तापाची गोळी, जी जनऔषधी केंद्रात मूळ द्रव्याच्या नावाने पुष्कळ कमी किमतीत मिळते. सगळे एकदम जमत नसेल तर दर महिन्याला एक वस्तू आणावी. झाकणाच्या आतल्या बाजूस कागद चिकटवून त्यावर वस्तूंची यादी, जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लिहावा. डबा मुलांच्या हातापलीकडे, पण घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारातही सापडेल असा ठेवावा. आणि काय घरी करावयाचे नाही, हेही त्याच कागदावर असावे: भाजल्यावर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखेरीज काही लावावयाचे नाही, खोल जखमेत पूड भरावयाची नाही, धनुर्वाताची लस टाळावयाची नाही. जुन्या आजीला मर्यादेचे हे ज्ञान असे. वैद्याला केव्हा बोलवावे हे जिला कळत होते, तिच्याच बटव्याला गावात मान होता.

राहता राहिला पेटी टवटवीत ठेवण्याचा प्रश्न. बहुतेक घरांतील पेट्या खर्चाअभावी नव्हे तर विस्मरणाने निकामी होतात. पट्टी पिवळी पडते, बाटलीतले औषध आटते, गोळीची मुदत टळून जाते. आपल्याकडे धनत्रयोदशीला वैद्य मंडळी धन्वंतरीचे पूजन करतात आणि कडुनिंबाची पाने व साखर प्रसाद म्हणून देतात. त्या दिवशी घराने आपला डबा उपडा करावा, जुने काढावे, उणे भरावे, आणि घरातील सर्वांत लहान समजत्या मुलाकडून एकदा झोळी बांधून घ्यावी. पाच मिनिटांचे हे काम आहे. पण त्या पाच मिनिटांत सहाणेवरचा वेढा पुन्हा एकदा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो, आणि घरात औषधापुरते काहीतरी शिल्लक आहे, व ते कोणाच्या तरी हाताला ठाऊक आहे, अशी त्या घराला खात्री राहते.